देणे आणि सोडणे

बंगालच्या उपसागरात उठलेले चक्रीवादळ हैदराबादला सहसा वादळ म्हणून पोचत नाही. मच्छलीपट्टण, काकिनाडा, विशाखापट्टण ही किनाऱ्याची गावे त्याचा वारा अंगावर घेतात. तिथून तीनशे ते पाचशे किलोमीटर आत, दख्खनच्या खडकापर्यंत येतो तो पाऊस. म्हणून हे शहर स्वतःला वादळाच्या वाटेवरचे मानत नाही. संकट किनाऱ्यावर येते आणि आपण मदत पाठवतो, अशीच इथल्या माणसांची समजूत आहे, आणि मदतीच्या बाबतीत ती खरीही आहे. १९ नोव्हेंबर १९७७ ला कृष्णेच्या मुखाजवळच्या दिवीसीमेवर समुद्र चढून आला आणि सरकारी हिशेबानेच दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. तेव्हा एन. टी. रामाराव आणि अक्किनेनी नागेश्वरराव यांच्यासारखे नट मदत गोळा करायला रस्त्यावर उतरले होते. १२ ऑक्टोबर २०१४ ला ‘हुदहुद’ विशाखापट्टणवर आदळले. आंध्र प्रदेशातून तेलंगण वेगळे होऊन तेव्हा चारच महिने झाले होते आणि दोन्हीकडची मने कडवट होती. तरी हैदराबादेत बसलेल्या तेलुगू चित्रसृष्टीने नोव्हेंबरअखेर ‘मेमु सैतम’ हा मदतनिधीचा मोठा कार्यक्रम केला आणि शहराने त्याला हात दिला. २०१८ च्या केरळच्या पुरात तेलंगण सरकारने २५ कोटी दिले. गल्लोगल्लीच्या मंडळांनी काय दिले त्याची मोजदाद कुठेच नाही.

या शहराच्या दानतीबद्दल मला शंका नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. समुद्रावरच्या वादळाच्या शेपटाने हे शहर स्वतःच बुडाले, एकदा नव्हे, अनेकदा. दर वेळी माणसे माणसांच्या मदतीला धावली. आणि दर वेळी बुडालेल्या वस्त्या बहुतेक त्याच होत्या. मदतीला धावणारा समाज आणि त्याच माणसांना त्याच खळग्यात पुन्हा राहू देणारा समाज एकच कसा असू शकतो? मला वाटते, आपण औदार्याचा अर्थ अर्धाच घेतला आहे. आपण देतो. सोडत मात्र नाही.

२८ सप्टेंबर १९०८ पासून सुरुवात करू. घटस्थापना होऊन दोनच दिवस झाले होते; रमजानचा महिनाही नुकताच लागला होता. उपसागरातल्या वादळाने आत ढकललेला पाऊस शहरातून वाहणाऱ्या मुसी नदीच्या पाणलोटावर कोसळत राहिला. शमशाबादला चोवीस तासांत जवळजवळ १३ इंच पडला. त्या काळी या पाणलोटात ७८८ तळी होती, म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलाला एक. त्यांतली २२१ फुटली. वरचे तळे फुटले की त्याचे पाणी खालच्यावर आणि खालच्याचे त्याच्याही खालच्यावर, अशी ती रांगच कोसळली आणि सकाळी सगळे पाणी शहरात शिरले. अफझलगंजचा, मुसल्लमजंगचा, चादरघाटचा, असे एकेक पूल पाण्याखाली गेले. १५७८ साली बांधलेला पुरानापूल तेवढा टिकला. कोळसावाडीसारखी वस्ती तर जवळजवळ पुसली गेली. साधारण १५ हजार माणसे मेली असे धरले जाते, १९ हजारांच्या आसपास घरे पडली, आणि साडेचार लाखांच्या शहरात सुमारे ८० हजार लोक बेघर झाले. रुबायांसाठी नाव मिळवलेले कवी अमजद हैदराबादी यांची आई, बायको आणि मुलगी त्या पाण्यात गेली. घरातले ते एकटे वाचले. उर्दू वाचणारे हैदराबादकर आजही या पुराला ‘तुग़यानी’ म्हणतात आणि साल सांगावे लागत नाही.

या पुराची आठवण निघाली की सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे नाव येते. त्यांनी आपल्या वाड्यांची दारे लोकांना उघडली, अन्नछत्रे घातली. त्यांनी नदीकाठी उभे राहून मुसीला साडी, मोती आणि सोने वाहिले, म्हणजे आपल्या भाषेत तिची ओटीच भरली, अशी कथा जुन्या शहरात अजून सांगतात. मुसलमान राजाने हिंदू रीतीने नदीची समजूत घातली, हे लोकांना इतके आवडले की घडले असो वा नसो, ते शहराच्या स्वभावाचा भाग झाले आहे. सरोजिनी नायडूंना पुढे कैसर-ए-हिंद पदक मिळाले त्यामागे पूरग्रस्तांसाठीचे त्यांचे काम होते. जालियनवाला बागेनंतर त्यांनी ते परत केले.

ही नावे मोठी आहेत आणि आदरास पात्र आहेत. पण ८० हजार माणसे कुठल्याही वाड्यात मावत नाहीत. ती आठवडे, महिने कुठे राहिली असतील? शालीबंड्यात, हुसैनी आलममध्ये, पलीकडे सुलतान बाजारात आणि काचीगुड्यात ज्यांची घरे उंचावर होती त्यांच्या ओसऱ्यांवर, मशिदींत, देवळांत, सरायांत. नदीच्या अगदी उशाशी असलेल्या गौळीगुड्यात मराठी घरे होती. मराठी लोकांची विवेकवर्धिनी शाळा तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. रमजानात इफ्तारसाठी आणि नवरात्रात फराळासाठी जे शिजत होते तेच वाटले गेले असणार. याचे दस्तऐवज नाहीत, कारण आपल्या चुलीवर जास्तीचे चार पेले तांदूळ घालणाऱ्या बाईने पावती फाडलेली नसते. इतिहास दात्यांची नोंद ठेवतो तो त्यांच्या दाराच्या उंचीप्रमाणे.

उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक चिंच आहे. तेव्हा तिथे अफझल पार्क ही बाग होती. त्या दिवशी सुमारे दीडशे माणसे त्या झाडावर चढून वाचली. शहरातले काही लोक दर वर्षी २८ सप्टेंबरला तिथे जमतात. मला त्या झाडाबद्दल एक गोष्ट नेहमी जाणवते. दीडशे माणसे एका झाडावर बसायची तर आधी चढलेल्यांना सरकावे लागले असणार. जाड, भक्कम फांदी धरून बसलेल्या कुणीतरी ती नंतर आलेल्यासाठी सोडून बारीक फांदीवर जाण्याचा धोका पत्करला असणार. त्या क्षणी कुणाकडेही देण्यासारखी वस्तू नव्हती, होती ती फक्त जागा. आपण वाडे उघडणाऱ्यांना लक्षात ठेवले, हे योग्यच केले. फांदीवर सरकलेल्यांपासून काही शिकलो नाही.

म्हणजे एकदा शिकलो होतो, असे म्हणायला हवे. पुरानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावले. मराठी वाचकांना ते परके नाहीत. पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात ते शिकले, मुंबई इलाख्याच्या नोकरीत त्यांची उमेदीची वर्षे गेली, खडकवासल्याला त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. ही नोकरी सोडून ते परदेशात फिरत असताना हैदराबादचे बोलावणे गेले. १९०९ मध्ये ते आले आणि त्यांनी सगळा पाणलोट मोजून काढला. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा होता की पाणी शहराच्या वरच थोपवून धरा, आणि त्यासाठी वर जमीन द्या. नदीच्या काठांवर इमारतींची दाटी होऊ देऊ नका, तिथे बागा आणि रस्ते करा. त्यातून १९२० मध्ये मुसीवर उस्मानसागर आणि १९२७ मध्ये तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर उभे राहिले. १९१२ मध्ये शहर सुधारणेसाठी मंडळ नेमले गेले. म्हणजे ओसरीवर रात्र काढू देण्याच्या पुढे जाऊन एका राज्याने पाण्यासाठी कायमची जागा बाजूला काढली. त्या दोन तलावांच्या तळाशी शेती गेली आणि माणसे उठली, तेव्हा त्यागही झाला, आणि तो नेहमीप्रमाणे खेड्यांच्या वाट्याला आला. पण बदल्यात शहराला पुढची कित्येक दशके सुरक्षितता आणि पिण्याचे पाणी, दोन्ही मिळाली. पुराच्या वेळच्या कळवळ्याचे इतके टिकाऊ रूप मला आपल्याकडे दुसरीकडे फारसे दिसत नाही.

आता १३ ऑक्टोबर २०२०. सकाळी काकिनाड्याजवळ तीव्र कमी दाबाचे क्षेत्र जमिनीवर आले आणि तेलंगण ओलांडत महाराष्ट्राकडे निघाले. याच पावसाने दुसऱ्या दिवशी पंढरपुरात चंद्रभागेच्या कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण गेले, हे आपल्याकडच्या वाचकांना आठवत असेल. हैदराबादेत बेगमपेटच्या वेधशाळेत एका दिवसात १९ सेंटिमीटर पाऊस मोजला गेला. घटकेसरच्या बाजूला तर तीसच्या वर. टोळीचौकीची नदीम कॉलनी शाह हातिम तलावाच्या कुशीत आहे, तिथे होड्या फिरू लागल्या. रामंतापूर, सरूरनगर, हयातनगर पाण्यात गेले. फलकनुमाच्या अल जुबैल कॉलनीत पाणी दिवसेंदिवस हलेना. चार दिवसांनी पुन्हा पाऊस झाला, बालापूरचे गुर्रम चेरुवु हे तळे फुटले आणि हाफिज बाबानगर रातोरात पाण्यात गेले. राज्यभरात ७० माणसे गेल्याचे सरकारने सांगितले.

करोनाचे वर्ष होते. दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायला माणूस घाबरत होता, आणि तरीही घरे उघडली. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. एप्रिलच्या टाळेबंदीत ज्यांनी शिधा वाटला होता त्यांच्याकडे गल्लीगल्लीतल्या घरांच्या याद्या तयार होत्या. कुठल्या घरात म्हातारी एकटी आहे, कुठे बाळंतीण आहे, कुणाचे डायलिसिस चालू आहे हे त्यांना ठाऊक होते. सफा बैतुल माल, हेल्पिंग हँड फाउंडेशन यांसारख्या इथल्याच संस्था अन्न, पाणी, औषधे घेऊन उतरल्या त्या या ओळखींच्या जोरावर. पाच रुपयांत जेवण देणारी महापालिकेची अन्नपूर्णा योजना २०१४ पासून चालू होती, म्हणून तिची स्वयंपाकघरे हजारो ताटे जास्त करू शकली. डबीरपुऱ्याच्या उड्डाणपुलाखाली वर्षानुवर्षे रोज दुपारी भुकेल्यांची पंगत बसते. संकटात एकदम उमाळा येतो आणि माणसे देवमाणसे होतात, असे आपण बोलतो. मला ते पटत नाही. ज्या मोहल्ल्यात देगची आधीपासून चुलीवर होती तिथेच ती पुराच्या रात्रीही चढली. औदार्य हे रोजच्या सवयीचे काम आहे, आणि हैदराबादच्या जुन्या शहराला लंगरांची, नियाजेची, प्रसादाच्या जेवणाची ती सवय पिढ्यान्‌पिढ्या आहे.

या सवयीला मर्यादाही आहेत, आणि त्या स्पष्ट बोलायला हव्यात. ओळखीच्या वाटेने जाणारी मदत ओळख संपते तिथे थांबते. नांदेड, देगलूर, उदगीर, बिदर या भागांतून इमारतींच्या कामावर आलेली आपली माणसे कुठल्या मोहल्ल्याच्या यादीत असतात? त्यांची खोली भाड्याची, बहुधा तळमजल्याची, आधारवर पत्ता गावचा. मराठी मंडळांनी या शहरात शाळा, ग्रंथालये, गणेशोत्सव उभे केले, मला त्याचा अभिमान आहे. पण आपली मंडळे ज्या मराठी माणसांची आहेत त्यांत हा मजूर अजून बसत नाही. पुरात अडकलेल्या मराठी माणसाला आधी कुठल्यातरी मशिदीच्या आवारात जेवण मिळते, याचा आनंदही वाटावा आणि खंतही.

सरकारने प्रत्येक बाधित घराला दहा हजार रुपये जाहीर केले. सुरुवातीला रोख वाटप झाले आणि तक्रारींचा पाऊस पडला की मध्येच कुणीतरी वाटा काढतो. मग ‘मीसेवा’ या सरकारी सेवाकेंद्रांवर अर्ज घ्यायचे ठरले. नोव्हेंबरच्या मध्यास त्या केंद्रांपुढे पहाटेपासून रांगा लागल्या, त्यांत बायका अधिक होत्या. आणि १८ नोव्हेंबरला महापालिका निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे निवडणूक आयोगाने वाटपच थांबवले. दहा हजार ही रक्कम क्षुल्लक नव्हती. भिजलेल्या गाद्या, बंद पडलेला फ्रिज, कुजलेले धान्य, यांतले काहीतरी त्यातून उभे राहते. पण शेजारणीने दिलेले ताट घेताना ज्या बाईची मान खाली गेली नव्हती तिला त्या रांगेत आपण बाधित आहोत हे पुन:पुन्हा सिद्ध करावे लागले. फरक का पडतो? शेजारणीला माहीत असते की पुढच्या खेपेस ताट उलट दिशेने येईल. २०२० मध्ये नदीम कॉलनीत जेवण घेणारे अनेक जण एप्रिलमध्ये वाटणारे होते. घेणारा आणि देणारा अशा दोन जाती तिथे नव्हत्या. सरकारने ते नाते निर्माण करावे अशी अपेक्षा मी करणार नाही, ते त्याचे कामही नाही. सरकारचे काम वेगळे आहे, आणि तेच राहून गेले.

काही मित्र म्हणतात, लोकांनी इतके करू नये. लोक धावतात म्हणून सरकार सुटते. या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्यावरून निघणारा निष्कर्ष क्रूर आहे. छातीभर पाण्यात उभ्या असलेल्या मुलाला उचलण्यापूर्वी जबाबदारी कुणाची याचा निवाडा करत बसता येत नाही. मी मदतीची वेळ बदलायला सांगतो आहे. ऑक्टोबरमध्ये जी माणसे कंबरभर चिखलात उतरतात ती मेमध्ये नाला कुठे अडला हे पाहायला का उतरत नाहीत? आणि ज्यांच्याकडे जागा आहे, ते ती पाण्यासाठी सोडायला कधी तयार होतील?

कारण सगळे प्रकरण शेवटी जागेवर येते. नदीम कॉलनीतल्या लोकांनी हौसेने तळ्याच्या कुशीत घर बांधले नाही. शहरातली कोरडी, उंच जमीन त्यांच्या खिशाबाहेर गेली तेव्हा कुणीतरी तळ्याचे भूखंड पाडले, कुणीतरी नोंदणी केली, कुणीतरी वीज-पाण्याची जोडणी दिली. तळ्याच्या पूर्ण जलपातळीच्या आत, म्हणजे इथे ज्याला सगळे ‘एफटीएल’ म्हणतात त्याच्या आत, घर आहे हे माणसाला पुष्कळदा पाणी आत शिरल्यावरच कळते. विश्वेश्वरय्यांनी सुचवलेल्या दोन तलावांभोवती १९९६ च्या एका आदेशाने दहा किलोमीटरपर्यंत, ८४ गावांत बांधकामावर बंधने घातली होती. तो ‘जीओ १११’. २०२२ मध्ये त्यातली बंधने उठवण्याचा आदेश निघाला. त्या गावांतल्या शेतकऱ्यांची कुचंबणा खरी होती. शहराच्या सुरक्षिततेसाठी त्यांनी पाव शतक आपल्या जमिनीवर बंधने सोसली आणि शहराने त्यांना मोबदला कधी दिला नाही. पण बंधन काढून टाकण्याऐवजी मोबदला देता आला असता. पाण्यासाठी जमीन मोकळी ठेवणाऱ्या खेड्याला दर वर्षी पैसे देणे, हे मी पुराच्या निधीइतकेच पवित्र दान मानेन. त्यासाठी कुणी दिवसभराचा कार्यक्रम करत नाही.

२०२४ च्या जुलैत तळी आणि नाले मोकळे करण्यासाठी ‘हायड्रा’ ही यंत्रणा स्थापन झाली. ऑगस्टमध्ये माधापूरच्या तम्मिडिकुंटा तळ्यालगतचे एका नामवंत नटाचे सभागृह पाडले गेले तेव्हा सामान्य माणसांनी टाळ्या वाजवल्या. पण पाठोपाठ मुसीच्या काठावर चादरघाट, मूसानगर भागातल्या घरांवर लाल रंगाची खूण पडू लागली. काही कुटुंबे मलकपेटच्या दोन शयनखोल्यांच्या सरकारी घरांत गेली, काहींनी विरोध केला, काही न्यायालयात गेली. नदीला जागा द्यायची तर नदीपात्रातली घरे उठली पाहिजेत, हे मी मान्य करतो. त्या मुलांनी दर पावसाळ्यात उशाशी पाणी घेऊन झोपावे असे म्हणणारा त्यांचा हितचिंतक नव्हे. पण सोडण्याचा हिशेब तळापासून सुरू करायचा की वरून? सभागृह असलेल्याने एक इमारत गमावली; मूसानगरच्या बाईची मोलकरणीच्या कामाची चार घरे, मुलांची शाळा आणि पुरात ताट देणारी शेजारीण, हे सगळे एकदम गेले. दोघांनी सोडले ते सारखे नाही. सोडायचेच असेल तर वस्ती एकत्र, एकाच ठिकाणी, कामाच्या आवाक्यात हलवावी. त्या वस्तीची खरी मालमत्ता भिंतींत नसून शेजारात आहे, हे २०२० ने दाखवले होते. इकडेतिकडे विखरून दिलेली पक्की घरे ती मालमत्ता मोडून टाकतात. मराठवाड्याने हे किल्लारीच्या भूकंपानंतर पाहिले आहे. देशभरातून आलेल्या पैशातून गावेच्या गावे उभी राहिली, पण कित्येक ठिकाणी ती शहरी आखणीची होती, गुरांना आणि शेतीच्या अवजारांना त्यांत जागा नव्हती, जुने वाडे-गल्ल्यांचे शेजार मोडले होते. दिले मनापासून, विचारले मात्र नाही.

२६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री उस्मानसागर आणि हिमायतसागरचे दरवाजे उघडले गेले आणि गौळीगुड्याला लागून असलेल्या महात्मा गांधी बसस्थानकात मुसी शिरली. प्रवासी अडकले, त्यांना बाहेर काढले गेले, स्थानक बंद पडले. पुन्हा नवरात्र, पुन्हा तीच तारीख दोन दिवसांच्या अंतराने, ११७ वर्षांनी. पाणी १९०८ च्या मानाने फार थोडे होते. हे स्थानक नदीच्या अंगावर बांधले आहे, ते कुणा गरिबाने नव्हे तर शासनाने, आणि तिथून रोज कितीतरी लोक मराठवाड्याच्या गाड्या पकडतात. मूसानगरच्या घरांवर लाल खूण करताना या इमारतीवर ती का केली गेली नाही, हा प्रश्न मला शासनाला विचारायचा आहे. स्थानक हलवायला पैसे लागतील, वेळ लागेल, प्रवाशांची गैरसोय होईल. झोपडी हलवायलाही हेच सगळे लागते, फक्त ते झोपडीवाल्याच्या खिशातून जाते. शासनाने आधी आपली इमारत नदीतून उचलावी, नंतर सधनांची सभागृहे आणि तळ्यांत घुसलेल्या संकुलांच्या भिंती हटवाव्यात, आणि त्यानंतर, पर्यायी घराच्या किल्ल्या हातात ठेवून, काठावरच्या माणसांना उठवावे. या क्रमाने मागणी आली तर सोडायला तयार होणारी माणसे या शहरात कमी पडणार नाहीत, असे मला वाटते. मुसीच्या दोन्ही काठांवरच्या वस्त्यांच्या बैठका लावून ते विचारून पाहावे, आणि ते पावसाळ्याआधी व्हावे.